पाच मिनिटांत न बसलेली बुटं

आमच्या शाळेला मोठा टीव्ही मिळाला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला आधी हार घातला, मग नारळ फोडला आणि मग एका खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. वस्तू बिघडू नये म्हणून ती वापरायचीच नाही, हा आमच्याकडचा साधा नियम आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या याच नियमावर इतकी वर्षं शाबूत राहिल्यात. मी भांडून त्या खोलीची किल्ली मिळवली. भांडण ही माझी जुनी खोड आहे. ज्या एका ठिकाणी खरंच भांडायला हवं होतं तिथे मात्र मी भांडलो नाही. हे लिहायला बसलोय ते त्यासाठी.

साखरखेर्ड्याच्या पुढे असलेल्या एका गावात मी हायस्कूलवर इतिहास शिकवतो. आठवीच्या पुस्तकात स्वातंत्र्यलढ्याच्या ओघात दुसरं महायुद्ध येतं आणि घाईतल्या पाहुण्यासारखं उभ्या उभ्या निघून जातं. मुलं त्यातलं ‘कारणे द्या’ तेवढं पाठ करतात. युद्धात माणसं मरतात हे त्यांना माहीत असतं, पण ते मोबाइलवरच्या गेममधलं मरण. तिथे मेलेला पुन्हा उठतो. म्हणून मी इंटरनेटवरून युद्धाच्या काळावरच्या लहान लहान फिल्म जमवायला लागलो. कुठली पाच मिनिटांची, कुठली सात. भाषा कुणालाच कळायची नाही, मलाही नाही, आणि त्यानं काही अडायचंही नाही.

पहिल्या दिवशी बॉम्ब पडायला लागले तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून “मार बे, मार!” असा आवाज आला. मी टीव्ही बंद केला आणि तास संपेपर्यंत सगळ्यांना उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीच फिल्म आवाज बंद करून दाखवली. आवाज गेला की बॉम्बची मजा जाते आणि भांडं पोटाशी धरून पळणारी बाई दिसायला लागते. त्या दिवशी टाळ्या झाल्या नाहीत. एका पोरानं विचारलं, “सर, थे भांडं काऊन घेऊन पळून राह्यली?” मला वाटलं, जमलं.

मग मी प्रत्येक फिल्मनंतर तीन प्रश्न ठरवून टाकले. ही कोणी बनवली? कोणासाठी बनवली? आणि हिच्यात काय दाखवलं नाही? तिसऱ्या प्रश्नाचा मला भारी अभिमान होता. कॅमेरा ज्या बाजूला तोंड करून उभा असतो तेवढंच आपल्याला दिसतं, त्याच्या पाठीमागे काय आहे ते विचारायला शिका, असं मी वर्गात सांगायचो. शिक्षकांच्या खोलीत कुणी तावडीत सापडलं तर त्यालाही सांगायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्याची पुढची अर्धी ओळ मला तेव्हा आठवत नव्हती.

हिवाळ्यातल्या एका दिवशी मी सैनिक घरी परततो त्याची फिल्म लावली. आगगाडीतून तो उतरतो, बँड वाजतो, अख्खं गाव फुलं घेऊन येतं, आई त्याच्या छातीवर डोकं ठेवते. मुलींचे डोळे भरून आले. मी दोन प्रश्न विचारले, उत्तरं आली. तिसरा विचारला तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी नाव घेतल्याशिवाय न बोलणारी.

“सर, ज्याइच्यासाठी बँड नाई वाजला, थे नाई दाखवले.”

“म्हणजे?”

“आमच्या मोठ्या आईचा बाप गेल्ता या लढाईले. बर्म्यात. तो आला तवा नाई वाजला.”

मोठी आई म्हणजे तिच्या आजोबांची आई. वय नव्वदीला टेकलेलं. मुलगी बौद्ध वस्तीतली. तिच्या घरात युद्धावर गेलेला माणूस होऊन गेला आहे, आणि मी इतकी वर्षं परदेशातली आगगाडी दाखवत बसलोय! मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. त्याच महिन्यात जिल्ह्याच्या शालेय लघुपट स्पर्धेचं पत्र आलं होतं, विषय होता ‘युद्धकाळ आणि माझे गाव’. खरं तेच सांगायचं तर माझ्या डोक्यात आधी ते पत्र आलं आणि मग म्हातारी.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. विहाराच्या मागे दोन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा. म्हातारी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चपला पायरीशी काढल्या. तिथे ऊन होतं, म्हणून मुलीनं त्या सावलीत ठेवायला उचलल्या. म्हातारी एकदम कडाडली, “ठेव वं खाली!”

मुलीनं चपला जागच्या जागी टाकल्या. म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तर, राग नका मानू. या घरात कोनी कोनाचं पायतान हातानं उचलत नाई. पाहुन्याचं बी नाई, घरच्याचं बी नाई. लेकरू असलं त बी ज्याचं त्यानं घ्यावं.” मी हसून हो म्हटलं. असतात एकेका घराच्या रीती.

ती बापाची एकुलती एक. म्हणून बापानं तिला सासरी पाठवलंच नाही, जावई घरी आणला. त्यामुळे तिचा सगळा जन्म याच गावात गेला. तिनं पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेलं पदक काढलं. मी मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर लावला. स्टँड मुलीनंच कुठून तरी आणला होता, आणि तो कसा लावायचा हेही तिलाच कळत होतं.

म्हातारी चांगली बोलली. बर्म्याच्या जंगलातल्या जळवा, पायाला पडलेली चिखल्यांची भगदाडं, मेलेल्या सोबत्याच्या घरी बापानं दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र. सुट्टीवर येताना बाप घट्ट दुधाचा डबा आणायचा, ते दूध बोटानं चाटायचं. हे सांगताना तिनं बोट तोंडाशी नेलं आणि मुलगी कॅमेऱ्यामागे फिसकन हसली. मी मनातल्या मनात स्पर्धा जिंकली.

मग ती बुटांवर आली.

“बाबा रजेवर ये, त मी वाटेवर जाऊन बसो. सात-आठ वर्साची असन. अंगावर वर्दी, पायात ही एवढाली बुटं. टकटक आवाज ये. पाटलाच्या गल्लीच्या तोंडाशी एक धोंडा होता. तिथं आलं का बाबा बसे, नाड्या सोडे, बुटं काढे, अन् माह्या हातात दे. आमच्या मानसानं पायात घालून त्या गल्लीतून जायाचं नाई, असं होतं ना. मी थे बुटं डोक्शावर घेऊन पुढं चालो. बाबा मांगं, उघड्या पायानं. ओट्यावर लोक बसून राहत. कोनी काई म्हने नाई. नुसतं पाहे. गल्ली सरली का बाबा पुन्हा बसे, पुन्हा नाड्या बांधे.”

ती शेंगेतला एक दाणा बोटात फिरवत राहिली.

“मी एकडाव इचारलं, बाबा, तिकडं लढाईत तरी बुटं घालू देत का? त बाबा हासला. म्हने, तिकडं घातल्याबिगर उभं करत नाईत.”

घरातली पायताणाची रीत मला तेव्हा कळली. मुलीलाही तेव्हाच कळली असावी, कारण स्टँडवरचा मोबाइल हलला, आणि फिल्ममध्ये त्या जागी चित्र थोडं थरथरतं. मी देऊळगाव राजाकडचा, जमीनजुमला असलेल्या घरातला. आमच्या अंगणात येणाऱ्या एका म्हाताऱ्याला माझी आई वरून ओंजळीत पाणी वाढायची आणि मी ते मजेनं पाहायचो, हे मला त्या ओट्यावर आठवलं. मी ते बोललो नाही. आपण फक्त कॅमेरा धरणारे, असं म्हणून सुटता येतं.

निघताना म्हातारीनं माझा हात धरला. “मास्तर, एक कबूल करा. हे साऱ्या गावाले दाखवाचं. त्या गल्लीतले लोक पुढं बसले पाह्यजेत. मले भांडाचं नाई कोनाशी. त्याइनं फक्त एकडाव पाह्यलं पाह्यजे. माह्या बापानं रोज त्याइचं पाहनं सोसलं.”

“दाखवतो आजी,” मी म्हणालो. “शब्द देतो.”

पाटलांची गल्ली म्हणजे आता शाळेचा रस्ता. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं घर त्याच गल्लीत आहे, कोपऱ्यावरचं. तो धोंडा आता नाही, त्या जागी त्यांच्या गाडीसाठी उतार केलाय. अध्यक्ष तसे वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या घरी लग्नकार्याला येतात, पाठीवर हात ठेवतात. आजवर त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही.

फिल्म झाली अकरा मिनिटांची. मुख्याध्यापकांना दाखवली. जळवांपर्यंत ते “वा, वा” करत होते. बुटांपाशी त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. संपल्यावर म्हणाले, “छान झालीय सर. फक्त ते... आता तसं काही राहिलंय का आपल्याकडे? सगळे मिळून मिसळून आहेत. कशाला जुनं उकरून काढायचं. पाहा बुवा, तुम्ही जाणते आहात.”

एवढंच. मला कोणी धमकावलं नाही. बदली नाही, नोटीस नाही, अध्यक्षांपर्यंत तर गोष्ट गेलीसुद्धा नव्हती. मी एकदा “नाही सर, ते राहणार” म्हटलं असतं तर मुख्याध्यापकांनी दोन दिवस तोंड फुगवलं असतं आणि तिसऱ्या दिवशी चहा मागवला असता. पण माझ्याच तोंडून निघालं, “तसंही सर, स्पर्धेला पाच मिनिटांचीच मर्यादा आहे. काहीतरी कापावंच लागेल.” त्यांचा चेहरा खुलला. सुंठीवाचून खोकला गेला.

पाच मिनिटांत बुटं बसली असती. बुटांचं सगळं मिळून अडीच मिनिटांचं होतं. जळवा काढता आल्या असत्या, दुधाचा डबा काढता आला असता. हे मला त्याही दिवशी कळत होतं. आज कळलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

कापाकापी मला येत नव्हती, म्हणून मी त्या मुलीलाच बसवलं. मधल्या सुट्टीत, टीव्हीच्या खोलीत. ती मोबाइलवर अंगठ्यानं भराभर पट्टी सरकवत होती. मी म्हणालो, “इथून कट कर. ‘मी वाटेवर जाऊन बसो’पासून.”

तिनं मान वर केली. “सर, हे काऊन?”

“वेळ बसत नाही.”

“दुसरं काढू ना. डब्याचं काढू.”

“डब्याचं लोकांना आवडेल.”

तिनं मान खाली घातली आणि अंगठा टेकवला. चौदा वर्षांच्या मुलीकडून मी तिच्याच पणजीचं बोलणं कापून घेतलं, आणि वर “शाब्बास” म्हणालो. मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून शेवटी फडकता झेंडा आणि बिगुलाचं संगीत लावलं. पदक हातात धरून म्हातारी कॅमेऱ्याकडे पाहते, तिथे फिल्म संपते. ती त्या वेळी ‘आता पुढं सांगू का’ म्हणून पाहत होती. फिल्ममध्ये ते अभिमानासारखं दिसतं.

बुलढाण्याला पहिला नंबर आला. परीक्षक माझ्यापाशी येऊन म्हणाले, इतिहास असा शिकवला पाहिजे. मी मान लववली. पेपरात फोटो आला, त्यात मी मधोमध आहे आणि मुलीचा अर्धा चेहरा ढालीमागे गेलाय.

मग शाळेत कार्यक्रम ठरला. फिल्म गावाला दाखवायची आणि म्हातारीचा सत्कार करायचा. अध्यक्षांनी स्वतःची गाडी पाठवून तिला आणवलं. हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग झाला होता, त्यात तिनं आपल्या एका कडेला नीट जोडून ठेवल्या. नवं पांढरं लुगडं नेसली होती. पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांचे भाऊ, चुलते, गल्लीतली झाडून सगळी मंडळी. तिनं जसं मागितलं होतं तसंच सगळे बसले होते. तिनं मान वळवून एकेकाचा चेहरा पाहिला आणि समाधानानं पदर सावरला.

मी टीव्हीशेजारी उभा होतो, म्हणून मला पडद्यापेक्षा तीच जास्त दिसत होती. जळवा आल्या. तिनं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं, “आता येतीन बुटं.” दुधाचा डबा आला, लोक हसले. ती म्हणाली, “आता उघडे पाय.” मग झेंडा आला, बिगुल वाजला आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. ती अजून टीव्हीकडेच पाहत होती. पडदा काळा झाल्यावरसुद्धा पाहत होती. लाइट गेली असेल असं तिला वाटलं असावं.

अध्यक्षांनी तिला शाल पांघरवली, नारळ दिला. भाषणात म्हणाले, या गावानं देशासाठी सैनिक दिला, आपण सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून दिला. पुन्हा टाळ्या. मुलगी भिंतीशी उभी होती, ती टाळ्या वाजवत नव्हती. माइक म्हातारीपर्यंत कोणी नेला नाही. माइक माझ्याच हातात होता.

ती बाहेर पडली तेव्हा मी मागोमाग गेलो. व्हरांड्यात तिनं मला विचारलं. आवाज चढवला नाही.

“मास्तर, बुटं कुठी गेली?”

“आजी, त्यांचा नियम होता. पाच मिनिटांच्या वर चालत नव्हतं.”

“पाच मिन्टं,” ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “नाड्या सोडाच्या, गल्ली चालाची, नाड्या बांधाच्या. आमाले तेवढाच वेळ लागे.”

मी म्हणालो, “पूर्ण फिल्म माझ्या मोबाइलमध्ये आहे. आत्ता दाखवतो तुम्हाला, बसा.”

“मले काय दाखवता? म्या त पाह्यलंच हाय. त्याइले दाखवाचं होतं.”

आणि मग मी जे केलं ते आठवलं की आजही मला माझ्या हातांचा राग येतो. ती चपला शोधत होती. काहीतरी करावं म्हणून मी वाकलो, तिच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायांपुढे आणल्या.

“ठेवा खाली,” ती म्हणाली. “माह्या मले घालता येते.”

मी ठेवल्या. तिनं घातल्या, शाल घडी करून नारळासकट व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली आणि निघाली. गाडी उभी होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. मुलगी तिच्या मागे पळत गेली. शाळेसमोरून पाटलांची गल्ली सरळ दिसते. दोघी तिच्यातून चालत गेल्या. ओट्यांवर कोणीच नव्हतं, सगळे आत हॉलमध्ये चहा घेत होते.

याला आता बरेच महिने झाले. म्हातारी आहे, कधी विहाराच्या ओट्यावर दिसते. मी तिकडचा रस्ता टाळतो. अकरा मिनिटांची फिल्म माझ्या मोबाइलमध्ये आहे, मोबाइल बदलला तेव्हा आठवणीनं नव्यात घेतली. गावाला ती दाखवायला मला कोणाची परवानगी लागत नाही. टीव्हीच्या खोलीची किल्ली अजून माझ्याच खिशात असते.

परवा वर्गात एक नवी फिल्म लावली. उद्ध्वस्त शहर, शाळेत परत येणारी मुलं. पहिला प्रश्न विचारला, उत्तर आलं. दुसरा विचारला, उत्तर आलं. मी टीव्ही बंद केला आणि पुस्तकं काढायला सांगितलं.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, तिसरा राह्यला.”

ती मुलगी आता शेवटच्या बाकावर बसते. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

“वेळ संपला,” मी म्हणालो. घंटेला अजून अर्धा तास होता.